इंजिन आपोआप रेस झाले तर गाडी कशी थांबवाल?

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



आज मी बी-बियाणे, खत किंवा फवारणी यांबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते आपल्या दारात उभ्या असलेल्या यंत्राबद्दल. बैल उधळला तर काय करायचं हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. कासरा कसा आवरायचा, गाडीसमोरून बाजूला कसं व्हायचं, हे कुणी वर्ग भरवून शिकवत नाही. पण ट्रॅक्टर उधळला तर? पाय उचलला तरी इंजिन ओरडतंच आहे, गाडी पळतेच आहे, अशी वेळ आली तर पहिला हात कुठे जायला हवा आणि पहिला पाय कुठे जायला हवा? ट्रॅक्टर, पिकअप, जीप चालवणाऱ्या प्रत्येकाला याचं उत्तर झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे. कारण विचार करायला वेळ मिळत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. तीन सेकंद घाबरण्यात गेले की ३३ मीटर, म्हणजे सुमारे ११० फूट रस्ता गेला. तेवढ्या अंतरात पूल येतो, विहीर येते, शाळेतून सुटलेली पोरं येतात.

आधी ओळखा: कोण ढकलतंय?

गाडी आपल्या मनाविरुद्ध पळू लागण्याची कारणं दोन. दोन्हींत गाडी पळते, पण दोन्हींचा उपाय एकमेकांच्या उलट आहे. इथेच माणसं फसतात, म्हणून हे नीट ऐका.

पहिलं कारण म्हणजे इंजिन ढकलतंय. रेसचं पेडल अडकलं, तार अडकली, स्प्रिंग तुटली किंवा डिझेल पंपात बिघाड झाला. रस्ता सपाट असला तरी गाडी पळते. इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि पाय काढला तरी उतरत नाही.

दुसरं कारण म्हणजे ओझं ढकलतंय. ऊस किंवा मुरूम भरलेली ट्रॉली मागे आहे, समोर उतार आहे आणि ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे रेटतेय. इथे इंजिनाचा दोष नाही. उलट इंजिनच तेवढं आपल्याला मागे धरून ठेवत असतं.

इंजिन ढकलत असेल, तर इंजिन आणि चाकं यांची सोयरीक तोडा, म्हणजे क्लच दाबा. ओझं ढकलत असेल, तर ती सोयरीक अजिबात तोडू नका, म्हणजे क्लचला पाय लावू नका. आजच्या भाषणातलं एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी माझं काम झालं असं मी समजेन.

सपाट रस्त्यावर, पिकअप किंवा जीप

समजा, तुम्ही भाजीपाला भरून बाजाराला निघाला आहात. एकाला ओलांडून पुढे जाताना रेस पूर्ण दाबली आणि ती खालीच अडकली. आता क्रमाने असं करा.

एक. ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबूनच ठेवा. दाब-सोड, दाब-सोड करू नका. हल्लीच्या गाड्यांचा ब्रेक हलका लागतो, कारण त्याला निर्वात टाकीची मदत असते. पेट्रोल इंजिन पूर्ण रेसवर असताना किंवा कुठलंही इंजिन बंद पडल्यावर ही मदत नव्याने तयार होत नाही. साठलेली असते ती एक-दोन दाबांपुरतीच. सारखी पंपिंग केलीत तर ती संपते आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. तरीही घाबरू नका. ब्रेक तेव्हाही लागतो, फक्त दुप्पट-तिप्पट जोर द्यावा लागतो. दोन्ही पाय लावावे लागले तरी लावा.

दोन. क्लच दाबा आणि गियर न्यूट्रलला घ्या. बिनक्लचची ऑटोमॅटिक गाडी असेल तर दांडा 'एन' या अक्षरावर आणा. आता इंजिन भयंकर ओरडेल, फुटतंय की काय असं वाटेल. ओरडू द्या. त्या आवाजाला घाबरून माणूस क्लच सोडतो आणि गाडी पुन्हा उडी घेते. इंजिनाची दुरुस्ती होईल, माणसाची होत नाही.

तीन. नजर रस्त्यावर ठेवा. रेस का अडकली हे बघायला खाली वाकू नका. हॉर्न द्या आणि गाडी डाव्या कडेला घ्या.

चार. गाडी थांबल्यावर इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगडाची उटी लावा.

क्लच किंवा गियर काम देत नसेल, तर गाडी चालू असतानाच किल्ली फिरवावी लागेल. तेव्हा ती एकच घर मागे फिरवा, म्हणजे इंजिन बंद पडेल. किल्ली बाहेर मात्र काढू नका. किल्ली काढली की स्टिअरिंगला कुलूप बसतं आणि मग गाडी वळवताच येत नाही. नव्या गाड्यांना किल्लीऐवजी बटण असतं. गाडी धावत असताना ते नुसतं टिचकी मारून चालत नाही, काही सेकंद दाबून धरावं लागतं. आपल्या गाडीला किती वेळ दाबावं लागतं ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात वाचून ठेवा. इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग जड लागेल, पण वळेल.

मोटारसायकलची तार अडकली तर क्लच ओढा, दोन्ही ब्रेक लावा आणि उजव्या मुठीजवळचा इंजिन बंद करण्याचा लाल खटका दाबा. बिनगियरच्या स्कूटरला क्लच नसतो. तिथे ब्रेक लावून खटका किंवा किल्ली बंद करा. मूठ उलटी पिळत बसू नका.

ट्रॅक्टरचं शास्त्र थोडं वेगळं

बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो. त्यातही डाव्या-उजव्याची पेडलं वेगळी असतात. नांगरताना वळायला ही सोय चांगली. पण रस्त्यावर हीच सोय जीव घेते. वेगात असताना नुसतं एक पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो आणि आडवा होतो. म्हणून शेतातून रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडलं जोडणारी पट्टी लावायलाच हवी. बांधावरच थांबा, पट्टी लावा, मग डांबरी रस्ता.

ट्रॅक्टरला रेस दोन असतात, एक पायाची आणि एक हाताची. शेतात हाताची रेस लावून काम केलं आणि ती तशीच ठेवून रस्त्यावर आलात, तर पाय काढला तरी इंजिन उतरत नाही. मग माणसाला वाटतं, ट्रॅक्टर बिघडला! म्हणून इंजिन आपोआप रेस वाटलं की हाताचा दांडा मागे आहे का हेही बघा.

आणि तिसरी गोष्ट. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत किल्ली बंद केली तरी इंजिन बंद पडत नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे वीज तोडून काही होत नाही. डिझेल तोडावं लागतं. त्यासाठी स्टॉपरची मूठ ओढायची असते. नव्या कित्येक ट्रॅक्टरांत हे काम किल्लीच करते. आपल्या ट्रॅक्टरला कोणती पद्धत आहे, ते आजच बघून ठेवा.

सपाट रस्त्यावर किंवा शेतात ट्रॅक्टर उधळला तर क्लच दाबा, जोडलेले दोन्ही ब्रेक दाबा आणि हाताने स्टॉपर ओढून धरा. इंजिन पूर्ण बंद पडेपर्यंत मूठ सोडू नका.

उडी मारू नका. उडी मारणारा माणूस बहुतेक वेळा मागच्या मोठ्या चाकासमोरच पडतो. बसून राहा, स्टिअरिंग धरा. काहीच लागू पडलं नाही तर ट्रॅक्टर चढाकडे किंवा मऊ नांगरटीत सरळ घाला. आडवा घालू नका, तिरकस बांध चढू नका. उभं पीक मोडलं तर मोडू द्या. विहीर, कालवा आणि माणसं यांच्यापासून लांब राहा.

उतारावर, मागे भरलेली ट्रॉली

आता दुसरा प्रसंग घ्या. कारखान्याकडे ऊस चालला आहे, रस्त्यात उतार लागला, ट्रॉली रेटायला लागली. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे ट्रॉलीचं सारं ओझं ट्रॅक्टरच्या दोन चाकांच्या ब्रेकवर. अशा वेळी घाबरून क्लच दाबला की इंजिनाची मागे धरण्याची ताकद जाते आणि वेग झपाट्याने वाढतो. गियर बदलायला गेलात तर पुढचा गियर पडतच नाही आणि ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये मोकळा सुटतो. एकदम जोराचा ब्रेक मारला तर ट्रॉली बाजूने वळून ट्रॅक्टरला आडवं करते.

म्हणून याचा उपाय उतारावर नसतो, उताराच्या माथ्यावर असतो. माथ्यावर थांबा. जो गियर तो चढ चढायला लागला असता, तोच किंवा त्याहून खालचा गियर टाका आणि तोच शेवटपर्यंत ठेवा. रेस पूर्ण सोडून उतरा. वेग वाढतोय असं वाटलं की लगेच ब्रेक द्या, वेग उतरला की सोडा. वाढलेल्या वेगाला ब्रेक लावण्यापेक्षा वेग वाढू न देणं सोपं असतं. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतं.

डिझेल वाचवायला उतारावर गियर काढून गाडी सोडण्याची सवय काहींना असते. वाचलेल्या छटाकभर डिझेलच्या बदल्यात आपण काय पणाला लावतो, याचा हिशेब घरी बसून करावा.

आता कुणी विचारील, उतारही आहे, मागे ट्रॉलीही आहे आणि इंजिनही आपोआप रेस झालं, तर? चांगला प्रश्न. तेव्हा क्लच दाबू नका. स्टॉपर ओढा. डिझेल तुटलं की तेच इंजिन गियरमध्ये राहून चाकांना मागे धरतं. सोबत जोडलेले ब्रेक जपून द्या. पॉवर स्टिअरिंग असेल तर ते जड होऊ शकतं, दोन्ही हातांची तयारी ठेवा. थांबल्यावर आधी चाकांना उटी, मग खाली उतरून बाकीचं.

स्टॉपर ओढूनही इंजिन थांबत नाही तेव्हा

कधी कधी डिझेल बंद केलं तरी इंजिन थांबत नाही. उलट वेग चढतच जातो आणि निळसर-पांढऱ्या धुराचे लोट येतात. अशा वेळी ते इंजिन डिझेलवर चाललेलं नसतं, स्वतःचं वंगणाचं तेल जाळत असतं. डिझेल इंजिनात हवेबरोबर जे काही जळणारं तेल येईल ते पेटतं. एअर क्लीनरच्या वाटीत खुणेच्या वर तेल भरलं, इंजिनात तेल जादा ओतलं, रिंगा झिजल्या किंवा टर्बोचं सील गेलं, की ही वेळ येते.

इथे उपाय एकच, इंजिनाचा श्वास कोंडायचा. हवा घेणाऱ्या तोंडावर लाकडी फळी किंवा जाड रबराचा तुकडा घट्ट दाबा. उघडा हात लावू नका, ओढ फार जबर असते. पातळ फडकं लावलं तर ते आत ओढलं जातं. ट्रॅक्टर उभा असेल आणि आजूबाजूला कुणी नसेल, तर दुसरा मार्ग आहे. सर्वांत वरचा गियर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच एकदम सोडा. इंजिन कोंडून बंद पडेल. दोन्ही जमत नसेल तर लांब व्हा आणि लोकांना लांब करा.

विहिरीवरचं इंजिन उधळलं तरी हेच शास्त्र. डिझेलचा कॉक बंद केला तरी नळीत आणि फिल्टरमध्ये उरलेलं डिझेल संपेपर्यंत ते चालतं. त्यामुळे कॉकच्या भरवशावर थांबू नका. डिझेल पंपाचा दांडा बंदच्या बाजूला ओढा. जुन्या संथ चालीच्या इंजिनाला सुरू करताना उचलायचा डिकम्प्रेशनचा दांडा असतो, तो उचला. नाहीतर हवेचं तोंड बंद करा. पट्टा काढायला जाऊ नका, भार गेला की इंजिन अधिकच पळतं. आणि फ्लायव्हीलच्या समोर रेषेत कधीही उभं राहू नका. ते चाक फुटलं तर तुकडे त्याच रेषेत सुटतात.

दोष कुठून येतो?

बहुतेक वेळा दोष मोठा नसतो, क्षुल्लक असतो. याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगो शहराजवळ टोयोटा कंपनीची एक लेक्सस मोटार अशीच बेफाम झाली आणि चौघेजण दगावले. कारण काय निघालं? गाडीत दुसऱ्याच मॉडेलची रबरी पायचटई घातलेली होती आणि तिच्याखाली रेसचं पेडल अडकलं. चालवणारा माणूस महामार्ग पोलिसांतला होता, म्हणजे सराईत. पुढे कंपनीला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत काही दोष आहे का, हे तपासायला 'नासा'च्या इंजिनिअरांची मदत घेतली गेली. २०११ साली अहवाल आला, तसा दोष त्यांना आढळला नाही.

त्याआधी १९८० च्या दशकात ऑडी मोटारींबद्दल तिथे अशीच ओरड झाली होती. १९८९ साली तिथल्या सरकारी खात्याने असा निष्कर्ष काढला की, अशा बहुतेक घटनांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी रेसवर पडला होता. माणसाला वाटतं आपण ब्रेक दाबतोय. गाडी पळते म्हणून तो अधिक दाबतो, गाडी अधिक पळते. म्हणून 'ब्रेक दाबूनही गाडी पळतेय' असं वाटलं, तर एकदा पाय पूर्ण उचला आणि नव्याने डावीकडचा ब्रेक शोधून दाबा.

आपल्याकडे चटईची जागा गोणपाट घेतं. सीटखाली ठेवलेली पाण्याची बाटली, पाना, सुतळीचं बंडल घरंगळत पेडलखाली जातं. पायाला चिखल असतो, चप्पल सैल असते. म्हणून:

• पायाखाली काहीही मोकळं ठेवू नका. चटई असेल तर ती त्याच गाडीची हवी आणि बांधलेली हवी.
• पेडलावरचा चिखल रोज काढा. चालवताना पायात घट्ट बसणारं पादत्राण घाला.
• रेसची स्प्रिंग आणि तार दर आठवड्याला बघा. पेडल दाबून सोडलं की टपकन वर आलं पाहिजे. हळूहळू वर येणारं पेडल म्हणजे आजारपणाची पहिली खूण.
• तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी रबराचा तुकडा किंवा सुतळी बांधून वेळ मारून नेऊ नका.
• इंजिनातलं आणि एअर क्लीनरमधलं तेल खुणेपर्यंतच भरा. 'जरा जास्त घातलं तर बरं' हा नियम शेणखताला ठीक, इंजिनाला नाही.
• डिझेल पंपाचं आणि गव्हर्नरचं काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी फार घातक आहे. बॅटरी उतरली की काहीजण जमिनीवर उभं राहून स्टार्टरला पाना लावून ट्रॅक्टर चालू करतात. ट्रॅक्टर गियरमध्ये असेल तर तो सुरू होताच पुढे येतो, आणि उभा असलेला माणूस नेमका मागच्या चाकासमोर असतो. तिथे ना ब्रेक हाताशी असतो, ना स्टॉपर. ट्रॅक्टर नेहमी सीटवर बसूनच, न्यूट्रल तपासून, चालू करावा.

रंगीत तालीम करा

आता शेवटचं आणि कामाचं. हे सगळं ऐकून कळतं, पण वेळ आली की हाताला आठवत नाही. हाताला सवय लागते ती सरावाने. आज संध्याकाळी ट्रॅक्टर अंगणात, सपाट जागी, इंजिन बंद करून उभा करा. सीटवर बसा. डोळे मिटा. कुणाला तरी 'रेस अडकली!' असं ओरडायला सांगा. क्लच, दोन्ही ब्रेक, स्टॉपर, तिन्ही जागा डोळे न उघडता सापडल्या पाहिजेत. दहा वेळा करा. मग तुमच्या मुलाकडून करून घ्या, पुतण्याकडून, सालगड्याकडून, ट्रॅक्टर चालवणाऱ्या लेकीकडून करून घ्या. ड्रायव्हर नवा ठेवला तर त्याला किल्ली देण्याआधी हे करून दाखवायला सांगा. राग आला तर येऊ द्या. यात कमीपणा कसला?

आणि मडगार्डवर बसणाऱ्यांना खाली उतरवा. ट्रॅक्टरवर जागा एकाचीच. उधळलेल्या ट्रॅक्टरवर चालवणाऱ्याला निदान धरायला स्टिअरिंग असतं, मडगार्डवर बसलेल्याला तेही नसतं.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. सपाटीवर इंजिन ढकलतंय: ब्रेक पूर्ण, क्लच पूर्ण, मग न्यूट्रल. थांबल्यावर इंजिन बंद. ट्रॅक्टर असेल तर क्लच, दोन्ही ब्रेक आणि सोबतच स्टॉपर.
२. उतारावर ओझं ढकलतंय: क्लच नाही, न्यूट्रल नाही. खालचा गियर माथ्यावरच टाका.
३. उतारावर ट्रॉली आणि इंजिनही रेस: क्लच न दाबता स्टॉपर ओढा, ब्रेक जपून.
४. स्टॉपर चालत नाही, धूर येतोय: फळीने हवा कोंडा.
५. धावत्या गाडीची किल्ली बाहेर काढू नका. ट्रॅक्टरवरून उडी मारू नका.
६. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही ब्रेक पट्टीने जोडा.
७. एकदा असं घडलं की कारण सापडून दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी पुन्हा चालवू नका. 'आता ठीक वाटतंय' यावर विसंबू नका.

मंडळी, यंत्र आपल्या सुखासाठी आणलं आहे. बैलाचा स्वभाव आपण ओळखतो, तसा यंत्राचाही ओळखून घेऊ या. हे पत्रक ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.